प्लाझ्माचा स्प्लॅश स्क्रीन: पाच महिन्यांनंतर

दिवाळीत आईचा लॅपटॉप डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) 12 वरून 13 वर नेला, म्हणजे त्यावरचा डेस्कटॉप, प्लाझ्मा, 5.27 चा 6.3 झाला. मी परत आले आणि दोन दिवसांनी तिचा फोन: "अगं, रांगोळी गेली." लॉगिननंतर डेस्कटॉप तयार होईपर्यंत दिसणाऱ्या स्प्लॅशवर मी तिच्या हातच्या ठिपक्यांच्या रांगोळीचा फोटो लावला होता. आता तिथे काळा पडदा. घाबरून ती लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली होती. "जुना झालाय, नवीन घ्या" एवढं सांगायचे त्यांनी तीनशे रुपये घेतले. ते तीनशे मला अजून खुपतात.

कारण सापडायला अख्खी संध्याकाळ गेली. फोटोला सावली द्यायला मी क्यूटी 5 चं (क्यूटी म्हणजे प्लाझ्मा ज्यावर बनलाय ती लायब्ररी) ग्राफिकल इफेक्ट्स मॉड्यूल वापरलं होतं, आणि नव्या प्लाझ्माच्या क्यूटी 6 मध्ये ते त्या नावाने उरलेलं नाही. सावली काढून टाकली, रांगोळी परत आली. पण त्यासाठी स्प्लॅशची क्यूएमएल फाइल, म्हणजे त्याचा कोडच, उघडावी लागली. आईने ती कशी उघडायची?

लॉक स्क्रीनचं चित्र सेटिंग्जमधून बदलता येतं. पासवर्ड टाकायच्या लॉगिन स्क्रीनचंही (एसडीडीएम, ब्रीझ थीम) येतं. स्प्लॅशला मात्र अख्खी थीम निवडा, नाहीतर 'नन' करा, म्हणजे स्प्लॅशच बंद. प्लाझ्माच्या ऑनलाइन स्टोअरवरची, इतरांनी बनवलेली तयार थीम घ्यायला माझं मन धजत नाही. मार्च 2024 मध्ये तिथल्या एका ग्लोबल थीमने (सगळ्या डेस्कटॉपचं रूप एकदम बदलणाऱ्या थीमने) एका माणसाच्या फाइली पुसल्या होत्या, कारण अशा थीमसोबत कोडही चालू शकतो. एका फोटोपायी एवढी जोखीम का घ्यायची?

स्प्लॅशच्या सेटिंग्जमध्ये आधी मला सगळंच बदलता यायला हवं होतं: चित्र, रंग, मजकूर, फिरणारं चक्र, किती सेकंद दिसावं तेही. आता नको. सेकंद मागण्यात तर अर्थच नाही. विंडो मॅनेजर, सेशन, डेस्कटॉप असं एकेक सुरू होतं तसा त्या क्यूएमएल फाइलमधला स्टेजचा, म्हणजे टप्प्याचा, आकडा वाढतो, आणि सगळं तयार झालं की स्प्लॅश जातो.

मध्ये महिनाभर 'नन' ठेवून पाहिलं. तिच्या जुन्या हार्ड डिस्कवर आधी रिकामा पडदा, मग पॅनेल, मग बऱ्याच वेळाने आयकॉन. आई त्या अर्धवट पॅनेलवर क्लिक करत बसायची. स्प्लॅश नुसता शोभेचा असतो हे माझं मत तिथे बदललं. माझ्या लॅपटॉपच्या वेगवान एसएसडीवर तो दिसतो न दिसतो तोच जातो, म्हणून तिथे तो बंदच आहे.

तेव्हा स्प्लॅशच्या सेटिंग्जमध्ये माझी मागणी दोनच गोष्टींची: चित्र निवडा, मागचा रंग निवडा. प्रिव्ह्यूचं बटण आहेच आणि ते छान चालतं, दर वेळी लॉगआउट करावं लागत नाही.

तोवर मी थीमच्या लपलेल्या फोल्डरचा शॉर्टकट आईच्या डेस्कटॉपवर ठेवलाय. नवा फोटो तिथे जुन्याच नावाने टाकायचा. पाडव्याला तिने पहिल्यांदा स्वतः बदलला, गुढीपुढच्या रांगोळीचा. नाव टाइप करताना शेवटचं डॉट जेपीजी राहिलं की पडदा पुन्हा रिकामा, आणि मला फोन.