गोल्डन कॅनियन की ब्राइस?

रंगीत दऱ्यांत एकच दिवस चालायचं असेल, तर कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीमधलं गोल्डन कॅनियन आणि युटातलं ब्राइस कॅनियन यांत निवड कशी करायची? आधी कॅलेंडर बघा, फोटो मागाहून.

गोल्डन कॅनियनची वाट समुद्रसपाटीच्या खालून सुरू होते. जवळच्याच फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती, म्हणून उन्हाळ्यात हा विचारच सोडा. नोव्हेंबर ते मार्च मात्र बहार. पिवळ्याधमक भिंतींच्या कुशीतून चालताना पायाखाली मध्येच डांबराचा तुकडा लागतो. इथे एकेकाळी गाडीरस्ता होता, १९७६ च्या पुरात तो वाहून गेला. टोकाला रेड कॅथेड्रलचे लोहयुक्त लाल कडे. गोवर गल्च या शेजारच्या घळीमार्गे फेरी मारली तर साधारण सात किलोमीटर. वाटेत ना सावली, ना पाणी.

ब्राइसचं गणित उलटं. कडा सुमारे २,४०० मीटर उंचावर, त्यामुळे उन्हाळा सुसह्य. पण हिवाळ्यात वाटेवर बर्फ साचतो आणि ‘वॉल स्ट्रीट’ नावाचा अरुंद घळीचा भाग बंद ठेवतात. क्वीन्स गार्डन आणि नवाहो लूप या दोन पायवाटा जोडून जेमतेम पावणेपाच किलोमीटर. गोम अशी, की आधी उतार आणि दमल्यावर चढ, तोही विरळ हवेत. सनराइज पॉइंटकडून उतरा.

जुलैत जाणार असाल तर ब्राइस, डोळे झाकून. जानेवारीत माझं मत गोल्डन कॅनियनला, तेही ऊन तिरपं असताना.