ब्लॉक प्लेन घेताना: बारा अंश की वीस?

जुलैत चिपळूणच्या घरी पोचलो की काकू चहाच्या आधी विचारते, "तो तुझा मुठीएवढा रंधा आणलायस ना?" माडीवरच्या खोलीचं सागवानी दार दर पावसाळ्यात फुगतं आणि वर चौकटीला घासतं. गावातला सुतार त्या दिवसांत "गणपती झाले की येतो" म्हणतो. मग ते काम माझ्याकडे.

मुठीएवढा रंधा म्हणजे ब्लॉक प्लेन. सहा-सात इंच लांब, एका हातात धरून चालवायचा लोखंडी रंधा. दाराची कड उतरवणं, फळीचं टोक साफ करणं, टोचणारी कोर मारणं, दोन फळ्यांच्या सांध्यावरचा केसभर उंचवटा काढणं, अशी शेवटच्या हाताची कामं त्याची. अख्खी फळी सपाट करायला मात्र हा घेऊ नका. तळ आखूड असल्यामुळे तो खड्ड्यात उतरतो, उंचवट्यावर चढतो आणि फळी होती तशीच वाकडी राहते, फक्त गुळगुळीत वाकडी.

विकत घ्यायला गेलात की दोन जाती समोर येतात. स्टॅन्ली या अवजारांच्या कंपनीच्या जुन्या क्रमांकांवरून एकाला साडेनऊ नंबर म्हणतात आणि दुसऱ्याला साडेसाठ नंबर. साडेनऊमध्ये पातं साधारण २० अंशांच्या बैठकीवर, म्हणजे आतल्या उतरत्या आधारावर टेकतं, तो 'स्टँडर्ड अँगल'. साडेसाठची बैठक साधारण १२ अंशांची, तो 'लो अँगल'. कंपनीप्रमाणे एखाद-दीड अंश इकडेतिकडे होतो. तिसरी जात स्वस्त आणि साधी: तोंड, म्हणजे पात्यापुढची फट, कमी-जास्त होत नाही, काहींत पातं खालीवर करायला स्क्रूही नसतो, हातोडीने हलकेच ठोकून बसवायचं.

आता आठ अंशांच्या फरकाने एवढं काय बिघडतं? नेहमीच्या जॅक प्लेनमध्ये, म्हणजे दोन्ही हातांनी चालवायच्या लांब रंध्यात, पात्याचा घासलेला उतार खालच्या बाजूला असतो. धार कशीही लावा, लाकडाला भिडणारा कोन बैठकीचाच, म्हणजे ४५ अंश. ब्लॉक प्लेनमध्ये पातं उलटं बसतं, उतार वर. त्यामुळे बैठकीचा कोन आणि धारेचा कोन यांची बेरीज होते. धार २५ अंशांची असेल तर साडेनऊमध्ये २० आणि २५ मिळून ४५, साडेसाठमध्ये १२ आणि २५ मिळून ३७.

फळीच्या टोकाला हा फरक लगेच हाताला कळतो. तिथे सगळे तंतू तुमच्याकडे तोंड करून उभे असतात. केरसुणीच्या काड्या मुठीत आवळून त्यांची टोकं छाटावीत, तसलं काम. ३७ अंशांवर पातं सरळ शिरतं आणि टोक चकचकीत निघतं. ४५ वर हाताला धक्का बसतो, आणि धार थोडी जरी उतरलेली असेल तर तंतू कापले जाण्याऐवजी दबून तुटतात.

उलट शिसमासारखी अडेल फळी घ्या, जिच्यात तंतू एकदा इकडे आणि दोन इंचांवर तिकडे वळलेले असतात. तिथे कमी कोन घात करतो. पातं तंतूखाली घुसून सालपट उचकटतं. तिथे ५० अंश हवेत. साडेसाठमध्ये ते जमतं: दुसऱ्या पात्याला ३८ अंशांची धार लावून ठेवली, की १२ आणि ३८ मिळून ५०. साडेनऊला मात्र खाली आणता येत नाही, कारण २५ च्या खाली धार नेली तर ती टिकतच नाही, चुरते. म्हणजे बारावरून वर चढता येतं, विसावरून खाली उतरता येत नाही. एकच ब्लॉक प्लेन घेणार असाल तर माझं मत साडेसाठला, जोडीला जास्तीचं एक पातं.

पण त्यात एक मेख आहे. पात्याची खालची बाजू आणि लाकूड यांच्यात जी फट राहते, तिच्यामुळेच धार टेकते. साडेसाठमध्ये ती फट बारा अंशांचीच. वापरता वापरता धार खालूनही झिजते, गोलावते, आणि ही फट भरून येते. मग पातं कापायचं सोडून वरून घसरायला लागतं. विसाच्या बैठकीवर तेच पातं आणखी बराच वेळ निभावून नेतं. सागात सिलिका असते, त्यामुळे आपल्याकडे हे लवकर घडतं. उपाय म्हणजे दगडावर धार लावताना वरचा उतार घासून खाली वळलेली नुसती बारीक कोर काढली, एवढ्यावर भागवायचं नाही. खालची झीज पूर्ण जाईपर्यंत पात्याची पाठ, म्हणजे ही खालची बाजू, घासायची. याचा ज्याला कंटाळा आहे आणि ज्याचं काम बहुतेक तंतूंच्या दिशेनेच चालतं, त्याने बिनधास्त साडेनऊ घ्यावा. धार लावायचा आळस असणं हा काही गुन्हा नाही, फक्त तो आधी कबूल करून खरेदी करावी.

पोलादाचाही इथे संबंध येतो. पात्यांत ओ-वन आणि ए-टू अशा पोलादाच्या दोन जाती मिळतात. ओ-वन पोलाद साध्या दगडावरही लवकर धार घेतं. ए-टूची धार जास्त टिकते, पण २५ अंशांवर ती बारीक बारीक तुकड्यांनी उडते, म्हणून बहुतेक जण ३० च्या वर नेतात. मग १२ आणि ३० मिळून ४२ झाले, आणि लो अँगलसाठी मोजलेले पैसे अर्धे तिथेच गेले. टोकांचंच काम जास्त असेल तर मी ओ-वन निवडेन.

कोनाच्या चर्चेत तोंडाची गोष्ट मागे पडते, आणि खरं तर पहिला प्रश्न तोच असावा. रंध्याचं तोंड म्हणजे पात्यापुढची फट. ती बारीक असली की लाकूड पुढून दाबून धरलं जातं आणि सालपट निघायच्या आत कापलं जातं. जाड ढलपी काढायची तर तोंड उघडायचं, शेवटचा पातळ हात मारायचा तर पात्याच्या अगदी जवळ आणायचं. ज्यात हे होत नाही तो बारा अंशांचा असो की विसाचा, अडेल लाकडापुढे हात टेकतो.

माझा पहिला ब्लॉक प्लेन या स्वस्त जातीतला. कंपनीचं नाव सांगून काय करायचंय? पातं नवं कोरं, पण त्याची पाठ पन्हाळीसारखी, आणि तळ मध्ये इतका पोकळ की रंधा फक्त पुढे आणि मागे टेकायचा. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तीन संध्याकाळी तळ घासला. (पातं आत ओढून, पण पातं दाबून धरणारी वरची टोपी नेहमीसारखी घट्ट आवळून घासायचं, आवळल्यावर लोखंड किंचित वाकतं, ते धरूनच सपाटी यायला हवी.) तो रंधा आजही आहे आणि त्याला एक मानाची जागा आहे: प्लायवूड. प्लायच्या कडेला लावलेली सागाची लिपिंग पट्टी बरोबरीला आणताना पातं सुकलेल्या गोंदावर आणि प्लायच्या थरांवर जातं, आणि चांगल्या धारेला पाचव्या मिनिटाला दाते पडतात. तिथे चांगला रंधा काढत नाही.

महागात जायचं तर अमेरिकेतल्या मेन राज्यातली ली-नील्सन आणि कॅनडातली व्हेरिटास ही दोन नावं. दोघांचेही रंधे डब्यातून काढून पाठीवर थोडा हात फिरवला की कामाला तयार. शिवाय त्यांचं लोखंड डक्टाइल, म्हणजे चिवट जातीचं. फरशीवर पडलं तर सहसा तडकत नाही. जुनं साधं बिडाचं अंग पडलं की तोंडापाशी तुटलंच समजा. इथे मागवायचं तर कुरियर आणि कस्टम धरून आकडा करा, मग ठरवा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुना स्टॅन्ली हाती लागला तर तळाला तोंडाच्या दोन्ही बाजूंनी बारीक तडा आहे का ते नखाने चाचपा आणि सगळे स्क्रू फिरतात का पाहा. वरवरचा गंज जातो. पात्याच्या पाठीला धारेजवळ खड्डे पडले असतील तर नवं पातं शोधावं लागेल.

आता काकूचं दार. पॅनेलच्या दारात दोन्ही उभ्या पट्ट्या थेट वरपर्यंत जातात, त्यामुळे वरच्या कडेला दोन्ही कोपऱ्यांत तंतूंची टोकं आणि मध्ये आडव्या पट्टीचे लांब तंतू. पहिल्या वर्षी मी या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात रंधा ओढला आणि पलीकडच्या कोपऱ्याची दीड इंचाची चिरफाळी निघून खाली अंगणात पडली. काकू काही बोलली नाही. चिरफाळी उचलून चुलीपाशी नेऊन ठेवली.

तेव्हापासून दोन्ही कोपऱ्यांकडून आत यायचं, मधे थांबायचं. रंधा थोडा तिरपा धरायचा, म्हणजे पातं सुरीसारखं ओढत कापतं. तळाला मेणबत्ती घासून घ्यायची. पातं किती बाहेर आलंय हे डोळ्याने बघून भागत नाही. लाकडाची बारीक चीप पात्याच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यावरून चालवायची, दोन्हीकडे सारखीच ढलपी निघाली की बरोबर. काम झालं की शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा सगळीकडून फिरवायचा. कोकणातल्या दमट हवेत एका रात्रीत बोटांचे ठसे गंजाने उमटतात.

आणि जुलैत घासतंय तेवढंच काढायचं. एकदा हौसेने जास्त काढलं, तर मे महिन्यात दार सुकून एवढी फट पडली की आतला दिवा जिन्यावरून दिसायचा. पाणी मुख्यतः त्या उघड्या टोकांतूनच शिरतं. म्हणून गेल्या उन्हाळ्यात, लाकूड खडखडीत कोरडं असताना, वरच्या कडेला चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले. यंदाही रंधा काढावा लागला, पण चारच फेऱ्या, आणि चहा निवायच्या आत दार लागलं.