स्वतःहून दोष सांगणारा विक्रेता

जुनी गाडी खपवणारा लबाड माणूस दोष लपवतो, असं आपण धरून चालतो. मला भेटलेला इसम दोष दाखवत सुटला होता. "हा डावा फेंडर बघा, इथे लांबी, म्हणजे पुट्टी भरलीय, खोटं कशाला बोलू?" म्हणत त्याने माझ्याच हातात लोहचुंबक दिलं. ते फेंडरला चिकटेना. मग वायपर चालत नाही, स्पीडोमीटरची केबल तुटलीय, दरवाज्याचं रबर गेलंय, अशी यादी. सगळं खरं. एवढं ऐकल्यावर समोरच्याची उलटतपासणी घ्यायची आपल्यालाच लाज वाटते, आणि त्याला नेमकं तेच हवं असतं.

गाडी फोक्सवॅगन बीटल. जाहिरातीत लिहिलेलं: 1967 मॉडेल, 1500 सीसी, मूळ इंजिन, मूळ चासी. किंमत चालू भावाच्या किंचित खाली. फार स्वस्त असती तर कोणीही बिचकला असता, हेही त्याला ठाऊक.

कमी खर्चात जुनी गाडी उभी करायची तर बीटलकडे लक्ष जातंच. 1938 ते 2003 या काळात 2 कोटी 15 लाखांहून जास्त बीटल बनल्या, शेवटची मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही नवेकोरे मिळतात. इंजिन हवेवर थंड होणारं, म्हणजे रेडिएटरची कटकट नाही. मुख्य चार बोल्ट सोडले की इंजिन खाली उतरतं. बॉडीसुद्धा खालच्या फ्लोअर पॅनवर, म्हणजे गाडीच्या पत्र्याच्या तळावर, बोल्टने बसवलेली असते, सोडली की वेगळी. हौशी माणसाला हे वरदान, आणि एकीची बॉडी, दुसरीचा पॅन, तिसरीचं इंजिन जोडून 'मूळ' गाडी विकणाऱ्यालाही.

बीटलचा चासी नंबर मागच्या सीटखाली, मधल्या टनेलवर, म्हणजे पॅनच्या मधोमध असलेल्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. 1967 मॉडेलचा नंबर 117 ने सुरू होतो: पहिले दोन अंक गाडीचा प्रकार, तिसरा वर्षाचा. सीट त्यानेच उचलली, टॉर्च त्यानेच धरला. 117 ने सुरू होणारा नंबर, कागदपत्रांशी अंक न् अंक जुळणारा. वर काळा रंग ताजा होता. "गंज धरू नये म्हणून मारलाय," हे उत्तर विचारायच्या आधीच तयार.

बिंग फुटलं ते गाडी कामाला लागल्यावर. लिफ्टवर चढवली, मेकॅनिक मागच्या चाकांखाली गेला आणि म्हणाला, "साहेब, ही सदुसष्टची नाही." 1967 च्या बीटलला मागे स्विंग अ‍ॅक्सल असतो. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत एक जाड नळी आणि तिच्या आतल्या टोकाला रबरी बूट, म्हणजे आवरण. या गाडीला प्रत्येक बाजूला दोन-दोन जॉइंट होते, आत एक, बाहेर एक, आणि मध्ये उघडा शाफ्ट. ही रचना त्यानंतरच्या गाड्यांत आली. म्हणजे पॅनच दुसऱ्या, नव्या गाडीचा.

मग टनेलवरचा रंग खरवडला. नंबराच्या चारी बाजूंनी वेल्डिंगची रेघ निघाली, ग्राइंडरने घासून सपाट केलेली. भंगारातल्या कुठल्या तरी 1967 च्या गाडीचा नंबर असलेला पत्र्याचा तुकडा कापून इथे डकवला होता. पुढे एकेक निघत गेलं. बॅटरी मागच्या सीटखाली उजवीकडे असते आणि तिच्या अ‍ॅसिडने तिथला पत्रा हमखास सडतो. तिथे डांबरी कोटिंगखाली पातळ पत्रा नुसता रिव्हेट मारून बसवलेला, स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आरपार. इंजिन नंबर डायनामोच्या स्टँडखाली असतो, तो तेलकट मळात बुडालेला होता. (मळ पुसायचा राहिला नव्हता, ठेवला होता.) 1967 च्या 1500 इंजिनाचा नंबर 'एच' अक्षराने सुरू व्हायला हवा. पुसल्यावर निघालं 'एडी', म्हणजे नंतरचं 1600.

वेगळं इंजिन एक वेळ चालवून घेता येतं, सडका पॅन बदलता येतो. पण डकवलेल्या चासी नंबराची गाडी ना धड नोंदवता येते, ना प्रामाणिकपणे कुणाला विकता येते. नंबरात फेरफार हा बहुतेक ठिकाणी गुन्हा आहे आणि गाडी सापडते ती शेवटच्या मालकाच्या दारात.

पावतीवर त्याने 'जशी आहे तशी, पाहून घेतली' एवढंच लिहिलं होतं. 'मूळ चासी' हे शब्द फक्त जाहिरातीत होते आणि ती जाहिरात व्यवहार झाल्या झाल्या गायब झाली. तिचे स्क्रीनशॉट माझ्याकडे आहेत, तक्रार सध्या त्यांच्यावरच उभी आहे. तेव्हा जाहिरात आधी साठवा, आणि चासी नंबर व 'मूळ' हा दावा दोन्ही पावतीत लिहून मागा. लबाड माणूस इथे हमखास अडखळतो.

गाडी बघायला जाताना ज्याच्या हाताखालून ते मॉडेल गेलंय असा मेकॅनिक सोबत न्या आणि लिफ्टवर चढवल्याशिवाय बयाणा देऊ नका. "लिफ्ट कशाला, मी सगळं सांगितलंय ना" असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. नंबराभोवती बोट फिरवा, कारखान्यातला पत्रा एकसंध लागतो. बाकीच्या पत्र्यावर जुना रंग आणि नंबरापाशीच नवा, हे कारण काहीही सांगितलं तरी पटवून घेऊ नका. इंजिन बंद असताना क्रँकची पुली, म्हणजे इंजिनवरचं पट्ट्याचं खालचं चाक, धरून पुढे-मागे ढकला. हाताला स्पष्ट खेळ, म्हणजे सैलपणा जाणवला तर इंजिन उघडावं लागणार हे धरून चाला. या गाडीच्या पुलीला तोही होता, पण विक्रेत्याच्या यादीत त्याचा उल्लेख नव्हता.

पैसे अजून अडकलेले आहेत. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत गाडीचा एक बोल्टही हलवू नका, असं वकिलांनी बजावलंय. नंबराचा तो तुकडा हाही पुरावा आहे.