जुन्या स्पीकरना व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर? आधी ओहम बघा

ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत दिवाणखाना असतो साधारण दहा बाय पंधरा फुटांचा. अशा घरात एलएस 3/5ए किंवा एआर-3ए या स्पीकरची जुनी जोडी आली की अॅम्पचा (अॅम्प्लिफायरचा) प्रश्न पडतोच. व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, 15 वॅटचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा 50 वॅटचा? वॅटवर जाण्याआधी स्पीकर किती ओहमचा आहे, म्हणजे तो विजेला किती अडवतो, ते बघा.

एलएस 3/5ए बीबीसीने ओबी व्हॅनसारख्या (बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीसारख्या) अडचणीच्या जागेसाठी घडवला. सुरुवातीच्या जोड्या 15 ओहमच्या, 1987 पासूनच्या 11 च्या. ट्रान्झिस्टर अॅम्पवर छापलेले 50 वॅट 8 ओहमचे असतात. 15 ओहमवर व्होल्टेज तेवढंच राहतं, करंट कमी होतो आणि हाती येतात जेमतेम 27 वॅट. व्हॉल्व्हच्या अॅम्पला आउटपुट ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे 16 ओहमच्या टर्मिनलवरून तो आपले पूर्ण 15 वॅट देतो. म्हणजे कागदावर तिपटीहून मोठा दिसणारा फरक प्रत्यक्षात अडीच डेसिबलचा, कानाला थोडासाच. एवढ्या छोट्या खोलीत मी डोळे मिटून व्हॉल्व्ह घेईन. तानपुऱ्याची आस आणि गाणाऱ्याचा श्वास मला त्यावर जास्त खरा वाटतो. घोडबंदरच्या टॉवरमधल्या मोठ्या हॉलला मात्र हा स्पीकरच अपुरा पडेल, अॅम्प कोणताही लावा.

एआर-3ए ची गोष्ट उलटी. 4 ओहम, 12 इंची वूफर (खर्जाचा स्पीकर), बंद पेटी आणि वॅट खाणारा स्वभाव. 15 वॅटवर तबल्याचा डग्गा घुमत राहतो, आवाज वाढवला की फाटतो. त्याला ट्रान्झिस्टरच हवा, तोही 4 ओहम पेलणारा. वजनदार ट्रान्सफॉर्मर असलेला अॅम्प निवडा. हलका असेल तर तासाभरात तापून बसतो.

एक कळकळीचं सांगणं. माझ्या एआर-3ए च्या वरच्या पट्टीत तेज नव्हतं आणि दोन महिने मी अॅम्पलाच दोष देत होतो. दोष निघाला पेटीमागच्या लेव्हल कंट्रोलमध्ये (वरच्या पट्टीचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांमध्ये), ते आतून गंजले होते. खाडीकाठच्या दमट हवेत हे व्हायचंच. अॅम्प पारखण्याआधी ते साफ करून घ्या, वूफरच्या कडेचा फोम कुजला नाही ना तेही बघा.

अमेरिकेहून आलेला अॅम्प बहुधा 117 व्होल्टचा असतो, त्याला व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि सगळ्यात महाग दुरुस्ती तीच. ईएल 84 सारखे व्हॉल्व्ह आजही नवे मिळतात, त्याची काळजी नको. मे महिन्यात खोली तापते, हे मात्र खरं.

दोन्ही जोड्या घरात असतील आणि पैसे एकाच अॅम्पचे, तर ट्रान्झिस्टर घ्या. त्यावर एलएस 3/5ए छान वाजेल. व्हॉल्व्हच्या 15 वॅटवर एआर-3ए कधीच मोकळा होणार नाही.