नुसतं 'निर्जंतुक' पुरत नाही: सहा महिने वापरलेल्या स्वॅबबद्दल

आमच्या डीएनए प्रयोगशाळेत हे स्वॅब (नमुना टिपायच्या कापसाच्या काड्या) घेतले ते पाकिटावर 'आयएसओ १८३८५' होतं म्हणून; हे अशा साहित्यात माणसाचा डीएनए मिसळण्याचा धोका कमीत कमी ठेवण्याचं आंतरराष्ट्रीय मानक. आधीच्यांवर फक्त 'निर्जंतुक' लिहिलेलं असायचं. निर्जंतुकीकरणानं जंतू मरतात, डीएनए मात्र उरू शकतो. जर्मनीत हाइलब्रॉनला २००७ साली एका पोलीस महिलेचा खून झाला आणि घटनास्थळच्या स्वॅबवर मिळालेल्या डीएनएवरून तपास कित्येक महिने एका अज्ञात बाईमागे धावला. २००९ मध्ये कळलं, तो डीएनए स्वॅबच्या कारखान्यातल्या कामगार महिलेचा! खरे मारेकरी तोवर मोकळेच. आठवलं की अजून पोटात कालवतं.

प्रत्येक खोक्यातला एक कोरा स्वॅब मी स्वतः तपासते. आजवर कुणाचाही डीएनए निघालेला नाही. नळीचं झाकण तेवढं हातमोज्यांतून निसटतं, बोट कापसाला लागेल अशी धास्ती वाटते. ते सुधारायलाच हवं.