प्रोसेसर थंड झाला, काम मात्र थंडावलं

लोडवर, म्हणजे कॉम्प्युटर पूर्ण ताकदीने राबत असताना, ५२ डिग्री! हा आकडा मी पंधरा दिवस ओळखीच्या प्रत्येक एडिटरला फोन करून सांगितला. सांगलीतला मे महिना, गच्चीवरची पत्र्याची खोली, दुपारी खोलीतच ३७-३८, आणि प्रोसेसर फक्त ५२. त्या आकड्यानेच मला गंडवलं, म्हणून हे लिहितोय. ज्या कॉम्प्युटरच्या दुकानात हे घडलं, त्याचं नाव लिहीत नाही. ते एकच दुकान असं करतं, असं मला वाटत नाही.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. घर मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला आहे. टेबल लहान म्हणून कॅबिनेटही छोटं घेतलेलं. आत इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवायला त्याच्याच खोक्यात आलेला बॉक्स कूलर. दोन वर्षं काही तक्रार नव्हती. या मार्चपासून एक्स्पोर्ट लावला, म्हणजे तयार फिल्म बाहेर काढायला घेतली, की गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज, आणि तापमान थेट १००. या प्रोसेसरची मर्यादाच १०० आहे. तिथं पोचला की तो स्वतःहून वेग कमी करतो. पाऊण तासात निघणारी फिल्म तासावर गेली. ऐन लग्नसराईत रोज पाव तास म्हणजे किती, ते या धंद्यातल्यांना सांगायला नको.

मशीन दुकानात नेलं. दुकानदाराने बाजूची काचसुद्धा काढली नाही. लांबूनच म्हणाला, "आवो दादा, एवढ्याशा डब्यात हवा जाणार कुठनं? लिक्विड टाकूया. लोडवर पन्नास, रिकामा असला की पंचवीस. लिहून घ्या."

पंचवीस ऐकल्यावर मी तिथून उठायला हवं होतं. लिक्विड कूलर म्हणजे काही फ्रिज नव्हे. पाणी फक्त प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं, तिथं ती खोलीतल्या हवेलाच द्यायची असते. खोली ३७ वर असेल तर प्रोसेसर ३७ च्या खाली येणारच नाही, कितीही पैसे घाला. हे मला शाळेत शिकवलेलं होतं. पण मी उठलो नाही, चहा घेतला.

लिक्विड कूलर ५,५००, लाइटवाले चार फॅन २,८००, प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची 'सिल्व्हर पेस्ट' ६००, मजुरी ५००. एकूण ९,४००, कच्च्या कागदावर. पक्कं बिल मागितलं तर "अठरा टक्के वर द्यावे लागतील, तुमचंच नुकसान". पैसे यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक नावावर. जुना कूलर मागितला तर "ते भंगार काय करणार, ठेवा हितंच".

दुसऱ्या दिवशी मशीन घ्यायला गेलो, तेव्हा एसीत बसवून त्याने मला दहा मिनिटं १०० टक्के लोड चालवून दाखवला. ४९. आवाज नाही, आत इंद्रधनुष्य. मी खूश.

पुढच्याच आठवड्यात एक फिल्म सव्वा तासाला निघाली. म्हटलं, फुटेज जड असेल. दुसरीही तशीच. माझा भाचा वालचंदला इंजिनिअरिंगला आहे, रविवारी जेवायला आला होता. त्याने तापमान, वॅट वगैरे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे सॉफ्टवेअर उघडलं, एक्स्पोर्ट लावला आणि तापमानाकडे बघितलंच नाही. खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"मामा, हा पस्तीस वॅटच का घेतोय?"

"कमी घेतोय म्हणजे चांगलंच की. बिल कमी."

"चांगलं काय? पासष्ट घ्यायला पाहिजे. अॅक्टिव्हा तिसाच्या वर जात नाही आणि तुम्ही म्हणताय इंजिन गरम होत नाही."

बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधीचं मदरबोर्डचं सेटिंग, उघडलं तर पॉवर लिमिट ३५ वॅटवर बांधून ठेवलेली. इंटेलने या प्रोसेसरला मूळ ६५ वॅट दिलेत, थोड्या वेळासाठी ११७ पर्यंत. जेवढे वॅट आत जातात तेवढीच उष्णता बाहेर पडते. वॅट निम्मे केले की तापमान उतरणारच, त्याला ना लिक्विड लागतं ना फॅन. वेगही ३ गिगाहर्ट्झच्या खाली बसला होता. विंडोज मात्र १०० टक्के लोडच दाखवतं, कारण प्रोसेसर पूर्ण गुंतलेलाच असतो, फक्त हळूहळू काम करत. दुकानातल्या त्या दहा मिनिटांत मला हेच दाखवलं होतं. जे काम फुकटात दोन मिनिटांत झालं असतं, त्याचे मी ९,४०० मोजले आणि वर माझी फिल्म अर्ध्या तासाने लांबवून घेतली.

भाच्याने लिमिट पूर्ववत केली. चार मिनिटांत ९७. म्हणजे नवा लिक्विड कूलर आणि चार फॅन असूनही आम्ही जिथं होतो तिथंच.

मग देवघरातली उदबत्ती आणली. हा प्रकार प्रत्येकाने घरी करून बघावा. पुढच्या जाळीसमोर उदबत्ती धरली, तर धूर आत ओढला जायला हवा. आमचा धूर आमच्याच तोंडावर आला. मागे धरली, तिथंही बाहेर. वर धरली, वरही बाहेर. चारही फॅन हवा बाहेरच फेकत होते, आत आणणारा एकही नव्हता! कारण साधं आहे. साध्या फॅनची एक बाजू मोकळी पात्यांची, देखणी. हवा तिथून आत शिरते. दुसऱ्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात, हवा तिकडून निघते. पुढचे फॅन नीट बसवले तर काचेतून पट्ट्या दिसतात, म्हणून लाइट छान दिसावेत यासाठी ते उलटे बसवलेले. बिचारी हवा मग स्क्रूच्या भोकांतून आणि फटींतून आत शिरत होती, धूळ घेऊन. शिवाय चारही फॅन थेट एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) वायरला जोडलेले, मदरबोर्डला नाहीत, त्यामुळे त्यांचा वेग कमीजास्त करायची सोयच नाही. माझे जुने, वेग बदलता येणारे चार पिनांचे दोन फॅन कुठे गेले, ते विचारू नका.

लिक्विड कूलर काढला, तर स्क्रूच्या खाचांत जुनी वाळलेली पेस्ट. त्यावरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, तर वॉरंटी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर आधीच नोंदलेली. म्हणजे वापरलेला माल. अशा बंद कूलरमधलं पाणी वर्षानुवर्षं नळ्यांतून थोडं थोडं उडत राहतं, आत हवा साचते. रात्री येणारा गुळगुळ आवाज मी मांजराचा समजत होतो.

आणि मूळ दुखणं काय होतं, तर पुढचं प्लास्टिक ओढून काढल्यावर मागे धुळीची जाळी असते, हे मला माहीतच नव्हतं. दोन वर्षांत तिच्यावर पिवळट थर साचला होता, नमदा असावा तसा. आमच्या भागात हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत वाळत घातलेले कपडेसुद्धा पिवळे होतात, तर जाळीचं काय! दुकानात ती जाळी कुणी बघितलीच नाही. किंवा बघून तशीच ठेवली.

जाळी धुतली. पुढचे दोन फॅन सुलटे करून आत ओढायला लावले, मागचा एक बाहेर, वरचा काढूनच टाकला. एसएमपीएसच्या वायरींचा गुंता पुढच्या फॅनसमोर होता, तो मागे दाबला. कूलर नवा घ्यावा लागला, टॉवरचा, म्हणजे उभा, हवेवर चालणारा, १,८०० चा. छोट्या कॅबिनेटमध्ये टॉवर घेताना उंची आधी मोजा. माझ्यात १४८ मिलिमीटरपर्यंतच मावतो आणि बाजारातले बरेचसे त्याहून उंच असतात, मग बाजूची काच लागत नाही. आता ६५ वॅटवर, दुपारी दोन वाजता, ७८. फिल्म पुन्हा पाऊण तासात. ५२ च्या तुलनेत ७८ ऐकायला वाईट वाटतं, मला मात्र आता तेच गोड लागतं.

दुकानात परत गेलो. आधी "प्रोसेसरची लाइफ वाढावी म्हणून केलंय" झालं, मग "आमच्या पोराकडनं चुकून झालं असेल". मी शांतपणे सीरियल नंबरचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद आणि बायॉसचा फोटो काउंटरवर ठेवला. बिल न देणं हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार धरला जातो आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही, हे भाच्याने मला पाठ करायला लावलं होतं. ते म्हटलं आणि १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर त्याच्यासमोरच फोनवर लावला. रिंग जायच्या आत कूलरचे ५,५०० परत करायला तो तयार झाला. बाकीचं "वापरलेल्या मालाचं काय देणार ओ" म्हणून राहिलं. वापरलेला माल मला कुणी विकला, असं विचारायचं तोंडावर आलं होतं.

आणखी एक, कारण 'मग आम्ही काय काळजी घ्यायची' असं विचारणारे बरेच आहेत. मशीन दुकानात देण्याआधी तुमचीच एक फाइल एक्स्पोर्ट करून तिचा वेळ कागदावर लिहा, तापमान आणि वॅटसकट. परत घेताना तीच फाइल तिथंच, त्याच्यासमोर चालवा. वेळ लागतो, दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे.

फॅनचे लाइट बंद करायची सोय नाही, त्यामुळे आमची गच्ची रात्री अजूनही लाल-निळी दिसते. शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, वर डीजेचं सामान ठेवलंय का.