लग्नाची कॅसेट ४के टीव्हीवर: कोणता मार्ग कुणासाठी?

नवा ५५ इंची टीव्ही घरी येतो, माळ्यावरचा व्हीसीआर खाली उतरतो, आईबाबांच्या लग्नाची कॅसेट लागते आणि कुणीतरी म्हणतंच, "पूर्वी एवढं खराब दिसायचं नाही." त्यांचं म्हणणं बरोबर असतं. कॅसेट थोडीफार झिजली असेल, पण मुख्य फरक टीव्हीत आहे.

आपल्याकडची पाल ही टीव्ही-चित्राची पद्धत सेकंदाला ५० वेळा अर्धं चित्र पाठवते: एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. पिक्चर ट्यूबचा टीव्ही ही फील्ड जशी येतील तशी रंगवायचा, आणि त्याचा पडदा २१ इंची असायचा. आजच्या सपाट पडद्याला मात्र दर वेळी पूर्ण चित्र लागतं. त्यामुळे टीव्हीला आधी दोन अर्धी जुळवावी लागतात आणि मग ती ताणून मोठी करावी लागतात. किती मोठी? पालचं पूर्ण डिजिटल चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचं. ४के पडद्यावर जवळपास ८३ लाख ठिपके असतात, म्हणजे बरोबर वीसपट. व्हीएचएसमध्ये, म्हणजे घरोघरच्या व्हीसीआरच्या कॅसेटमध्ये, आडव्या दिशेचा तपशील तर त्याहूनही कमी, जेमतेम २४० रेषांचा.

म्हणून या सगळ्या खटाटोपात मोठं करण्यापेक्षा आधीच्या दोन गोष्टी निर्णायक असतात: फितीवरून सिग्नल किती स्वच्छ निघाला आणि फील्ड कशी जुळवली. पैसे आणि वेळ तिथे घालावा, असं माझं ठाम मत आहे. बाजारात विकलं जातं ते मात्र "४के अपस्केल", म्हणजे नुसतं मोठं करणं.

थेट टीव्हीला जोडणं

हा फुकटचा मार्ग आहे आणि सुरुवात इथूनच करावी. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना टीव्हीला असतील तर उत्तम. काही टीव्हींना त्याऐवजी हेडफोनसारखं एक छोटं छिद्र असतं आणि त्याची वेगळी वायर मिळते. जोडल्यावर चित्राचा आकार ४:३ करा, नाहीतर सगळे वऱ्हाडी रुंद दिसतील. शार्पनेस खाली आणा. सॅमसंग आणि एलजीमध्ये शून्याच्या आसपास, सोनी ब्राव्हियात ५० हा तटस्थ आकडा आहे. ट्रूमोशन, मोशनफ्लो अशी नावं असलेली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, कारण व्हीएचएसच्या चित्रातल्या फसफसणाऱ्या ठिपक्यांवर ती सोय गोंधळते आणि चेहऱ्यांभोवती चित्र वितळल्यासारखं दिसतं. एवढं केल्यावरच पुष्कळ घरांचं समाधान होतं. वर्षातून एकदा कॅसेट बघायची असेल तर इथे थांबायलाही हरकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा: जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि त्यानंतर कुणीही नवा बनवलेला नाही. तुमचा व्हीसीआर बंद पडला की हा मार्गही बंद.

हजार रुपयांच्या आतला एव्ही-टू-एचडीएमआय डबा

जुन्या पिनांचा सिग्नल एचडीएमआय वायरीतून टीव्हीला देणारा हा डबा टाळा. यातले बहुतेक डबे ४:३ चित्र सरळ १६:९ मध्ये ताणतात, फील्ड ओबडधोबड जुळवतात आणि ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० वेळा येणारा) सिग्नल ६० हर्ट्झवर बाहेर काढतात. त्यामुळे कॅमेरा मांडवभर फिरतो तेव्हा चित्र अडखळत चालतं. टीव्हीला जुन्या पिना असतील तर टीव्हीचं स्वतःचं काम याहून चांगलं असतं. पिनाच नसतील आणि कॅसेटवर काय आहे एवढंच एकदा तपासायचं असेल, तेवढ्यापुरता हा डबा ठीक.

चांगला स्केलर

स्केलर म्हणजे जुनं चित्र जुळवून, मोठं करून टीव्हीला देणारं यंत्र. रेट्रोटिंक ५एक्स प्रोसारखी यंत्रं मुळात जुने व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांसाठी बनली. त्यांत पिवळी पिनही जोडता येते आणि एस-व्हिडिओ ही त्याहून चांगली वायरही (तिच्याबद्दल पुढे), फील्ड नीट जुळवली जातात आणि आकारावर पूर्ण ताबा मिळतो. किंमत सुमारे ३०० डॉलर, शिवाय मागवण्याचा खर्च. ओएसएससी या दुसऱ्या प्रसिद्ध यंत्राला मूळ रूपात पिवळी पिन किंवा एस-व्हिडिओ जोडताच येत नाही, त्यामुळे आपल्या व्हीसीआरसाठी ते कामाचं नाही. घरी जुना गेम कन्सोल आणि लेसरडिस्क असा संग्रह असेल तर स्केलर जरूर घ्या. पाच-सहा घरगुती कॅसेटसाठी नको. स्केलर चित्र सुधारतो, पण ते साठवत नाही, आणि प्रत्येक वेळी तीच जुनी फीत त्याच म्हाताऱ्या यंत्रातून फिरवावी लागते.

एकदाच, नीट डिजिटल करून घेणं

घरगुती चित्रणासाठी मी हाच मार्ग सुचवेन. पण "डिजिटल करून घेतलं" या तीन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक लपलेला असतो.

आधी फीत बघा. कोकणात, मुंबईत, गोव्यात, दमट हवा असेल तिथे कपाटातल्या कॅसेटवर बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेला पांढुरके डाग दिसले तर ती यंत्रात घालू नका. बुरशी फीत वाचणाऱ्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जाते. अशी फीत आधी साफ करून घ्यावी लागते. जमल्यास तिच्यासाठी वेगळा व्हीसीआर ठेवावा.

मग यंत्र. व्हीएचएस फितीवर उजेड-अंधार आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात. पिवळी वायर त्यांना एकत्र करते आणि पुढे ते पुन्हा वेगळे करताना साडीच्या जरीवर, काठावर नसलेले रंग थरथरू लागतात. एस-व्हिडिओ वायर त्यांना वेगळंच ठेवते. त्यासाठी बहुधा एस-व्हीएचएस, म्हणजे व्हीएचएसच्या वरच्या प्रकारचा व्हीसीआर लागतो. तो मिळाला तर साध्या कॅसेटलाही फायदा होतो. दुसरी अडचण डगमगीची. फीत एकसारख्या वेगाने सरकत नाही, म्हणून मांडवाचे उभे खांब लाटेसारखे हलतात. टाइम बेस करेक्टर प्रत्येक ओळ जागेवर आणतो. स्वतंत्र करेक्टर महाग असतो, पण पॅनासॉनिकच्या डीएमआर-ईएस१० सारख्या काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता पुढे जाऊ दिला तरी ते बरंचसं काम होतं. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात अशी यंत्रं दिसली की मी ती घ्यायला सांगतो.

संगणकात घेताना चित्र ७२० गुणिले ५७६ वर, सेकंदाला २५ फ्रेम, दोन्ही फील्ड तशीच ठेवून, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ सारख्या काहीही न गमावणाऱ्या रूपात घ्यावं. ताशी ३० जीबीच्या आसपास जागा लागते. आजच्या हार्ड डिस्कच्या भावात एवढी जागा लग्नाच्या एका कॅसेटसाठी जड नाही. ही झाली मूळ प्रत. तिला पुढे कधीही हात लावायचा नाही.

टीव्हीवर बघायची प्रत तिच्यापासून वेगळी बनवायची. इथे फील्ड जुळवण्याचा प्रश्न पुन्हा येतो, आणि दिसण्यातला सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. चुकीच्या पद्धतीने जुळवलं की अक्षता उडताना, वरातीत नाचताना हलणाऱ्या प्रत्येक कडेला कंगव्यासारखे दाते येतात. ते टाळायला बरेच जण एक फील्ड टाकूनच देतात, म्हणजे अर्धी हालचाल आणि अर्ध्या ओळी गेल्या. त्याऐवजी प्रत्येक फील्डचं पूर्ण चित्र करून सेकंदाला ५० फ्रेम ठेवाव्यात. क्यूटीजीएमसी नावाची स्क्रिप्ट यात अव्वल आहे. हायब्रिड या मोफत सॉफ्टवेअरमधून ती वापरता येते, पण संगणक तासन्‌तास गुंतून राहतो. घाई असेल तर एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरचा बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर पुष्कळ जवळ जातो. खालच्या कडेची दोन-चार ओळींची फाटकी पट्टी कापावी आणि चित्र १४४० गुणिले १०८० वर, बाजूला काळ्या पट्ट्या ठेवून वाढवावं. तिथून ४के म्हणजे लांबी आणि रुंदी बरोबर दुप्पट, आणि ते टीव्ही स्वतः चांगलं करतो.

हे सगळं घरी जमणार नसेल तर स्टुडिओत द्या, पण आधी विचारा: मूळ ५७६ ओळींची फाइल देणार का? ५० फ्रेम ठेवता की २५? ४:३ आकार राखता का? ही उत्तरं नीट मिळत नसतील आणि फक्त "फुल एचडी करून देऊ" एवढंच ऐकू येत असेल तर दुसरा स्टुडिओ शोधा. स्वस्त यूएसबी कॅप्चर वायरींबद्दलही हेच: काही ठीक चालतात, काही पाल सिग्नलही ४८० ओळींवर आणून ठेवतात. आधी पाच मिनिटांचं चित्रण घेऊन फाइलमध्ये किती ओळी आल्या ते तपासा.

सगळं व्हीएचएस नसतं

व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८, म्हणजे अर्ध्या ओळी, अर्धी हालचाल, वर एमपेग-१चे चौकोन. ४के पडद्याला त्याच्या ८० पटींहून जास्त ठिपके हवे असतात. कुठलंही यंत्र इथे फार काही करू शकत नाही. पण २००० च्या आसपासच्या लग्नांचं चित्रण आधी फितीवर झालं आणि व्हीसीडी नंतर वाटल्या गेल्या, हे विसरू नका. घरी, मामाकडे, व्हिडिओवाल्याकडे ती कॅसेट अजून असेल तर व्हीसीडी बाजूला ठेवून कॅसेट घ्या. या एका शोधाने जेवढं सुधारेल तेवढं कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारणार नाही.

हँडीकॅमची छोटी मिनीडीव्ही कॅसेट मुळातच डिजिटल असते. ती पिवळ्या वायरीने उतरवणं म्हणजे हातातलं सोनं वितळवून पितळ करणं. फायरवायर (डिजिटल चित्र थेट उतरवणारी जुनी जोडणी) असलेला कॅमेरा आणि तसा पोर्ट असलेला जुना संगणक उसना मिळवा. फितीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरतो, ताशी सुमारे १३ जीबी. व्हिडिओ८ आणि हाय८ या हँडीकॅमच्या जुन्या कॅसेटसाठी सोनीचे काही डिजिटल८ कॅमेरे फार उपयोगी पडतात. ते जुन्या फिती वाजवून फायरवायरमधून बाहेर देतात.

डीव्हीडीसाठी फारसा खर्चच नको. एचडीएमआय असलेला ब्लू-रे प्लेयर पुरतो. मात्र लग्नाच्या डीव्हीडी संगणकावर लिहिलेल्या तबकड्यांवर असतात आणि त्या कालांतराने वाचल्या जात नाहीत, म्हणून आजच त्यांची हार्ड डिस्कवर नक्कल करा.

जुन्या सिनेमांची गोष्ट वेगळी. सिनेमा ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेला असतो आणि तिच्यात ४के स्कॅनला पुरेल एवढा तपशील असतो. म्हणून जुनी व्हीसीडी सजवत बसू नका. नव्याने स्कॅन केलेली प्रत कुठे उपलब्ध आहे ते बघा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात १९६४ पासून फिल्म जपल्या जातात, त्या याचसाठी मोलाच्या आहेत.

आणि एआय?

टोपाझ व्हिडिओ एआयसारखी सॉफ्टवेअरं चांगल्या डीव्हीडीवर, जवळून घेतलेल्या चेहऱ्यांवर, कार्टूनवर खरोखर सुंदर काम करतात. आधी क्यूटीजीएमसीने फील्ड जुळवून मग त्यांना दिलं तर आणखी छान. पण व्हीएचएसच्या मांडवात तिसऱ्या ओळीत बसलेल्या आजीचा चेहरा जेमतेम वीस ठिपक्यांचा असतो. एआय तिथे डोळे, ओठ, दात रेखतं, आणि ते आजीचे नसतात. स्वच्छ दिसणारी, पण कुणीतरी दुसरीच बाई तिथे बसलेली असते. ज्यांचा दुसरा फोटोही उरलेला नाही, त्यांच्या बाबतीत हे मला सहन होत नाही. धूसर असली तरी ती तीच असते. म्हणून एआयची प्रत हवी तर वेगळी बनवा, तिच्या नावात तसं लिहा, आणि मूळ प्रत पुसू नका.

परदेशातल्या नातलगांसाठी

अमेरिकेतला साधा व्हीसीआर एनटीएससी पद्धतीचा असतो, म्हणजे ५२५ ओळी (त्यातल्या चित्राच्या ४८०) आणि सेकंदाला सुमारे ६० फील्ड. तो आपली पाल कॅसेट नीट वाजवत नाही. म्हणून कॅसेट टपालाने पाठवण्याऐवजी इथेच डिजिटल करून फाइल पाठवा. उलट तिकडून आलेल्या बारशाच्या, मंडळाच्या गणपतीच्या कॅसेट एनटीएससीच्या असतील, तर त्या वाजवू शकणारा व्हीसीआर वापरून ४८० ओळी आणि ६० फील्ड तशीच उतरवा. त्यांचं पालमध्ये रूपांतर करून द्यायची तयारी स्टुडिओ दाखवेल, पण ती नाकारा. आजचे टीव्ही आणि संगणक दोन्ही प्रकारच्या फाइल चालवतात.